दाताच्या दवाखान्याचा मालक कोण, आणि खुर्चीशेजारी कोण?

घाटंजी, आर्णी, पांढरकवडा, धारणी. अशा तालुक्याच्या गावी मेडिकलच्या मागच्या खोलीत दाताची खुर्ची टाकलेली दिसते. खोली मेडिकलवाल्याची, खुर्ची अन् कॉम्प्रेसर त्याच्याच पैशाचे, बोर्डावर नाव मात्र यवतमाळ नाहीतर अमरावतीच्या बीडीएस डॉक्टरांचं. डॉक्टर येतात बाजाराच्या दिवशी. शटर रोज उघडं असतं. यावर वाद निघाला की पहिला सवाल मालकीचाच होतो: जो दंतवैद्य नाही त्याने दवाखाना काढावा का? सवाल रास्त आहे, पण मला तो दुसऱ्या नंबरचा वाटतो. तोंडात हत्यार कोण घालतो, हे आधी ठरलं पाहिजे.

१९४८ च्या दंतवैद्य कायद्याचं कलम ५१ मालकीबद्दल आहे. कंपनीने दंतवैद्यकी करू नये, असं ते सांगतं. सूट त्या कंपनीला, जिचा दुसरा धंदा नाही आणि जिचे बहुसंख्य संचालक व प्रत्यक्ष काम करणारे सगळे नोंदणीकृत दंतवैद्य आहेत. आपल्या कामगारांना नफा न घेता उपचार देणारे मालक आणि रुग्णालयं यांनाही सूट आहे. पण एकट्या माणसाने खोली, खुर्ची देऊन डॉक्टर पगारावर ठेवला, तर हे कलम काही बोलत नाही. तालुक्यात चालतं ते नेमकं हेच.

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत मालक दंतवैद्यच हवा असा नियम आहे. तिथे मग व्यवस्थापन कंपन्या आल्या. जागा, खुर्च्या, बिलं, नोकरभरती कंपनीकडे. कागदावर मालक डॉक्टर. म्हणजे मालकीचा नियम करारात वाकवता येतो. मंगळवारी सकाळी अकरा वाजता खुर्चीशेजारी कोण उभं होतं, हे करारात वाकत नाही.

डॉक्टर नसताना काय होतं? कंपाउंडर नाहीतर कवळ्या करणारा मेकॅनिक ‘फिक्स दात’ बसवून देतो. शेजारच्या दातांना तार गुंडाळायची आणि वरून आपोआप कडक होणारं अ‍ॅक्रिलिक (एक प्रकारचं प्लास्टिक) थापायचं. तोंडातच कडक होताना ते तापतं, त्यातलं कडक न झालेलं रसायन (मोनोमर) हिरडी भाजतं. बसवलेला दात काढता येत नाही म्हणून खाली ब्रश पोचत नाही, अन्न कुजतं, हाड झिजतं आणि तार बांधलेले चांगले दातही हलायला लागतात. एका दाताच्या जागी तीन जातात. कायद्यानुसार मेकॅनिकचं काम कवळी करणं, दुरुस्त करणं. तोंड तपासून काय बसवायचं ते ठरवणं दंतवैद्याचं.

सुईचं तर आणखी गंभीर. भुलीच्या सुईतल्या २ टक्के लिग्नोकेनच्या एका मिलीत २० मिलिग्रॅम औषध असतं. किलोमागे ४.४ मिलिग्रॅम ही सावध मर्यादा धरली, तर १५ किलोच्या पोराला सगळं मिळून साधारण ३ मिलीच. पोरगं रडतंय म्हणून पुन्हा पुन्हा सुई टोचणाऱ्याला हा हिशेब ठाऊक नसतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, बीपी किती, आणि आपल्या गडचिरोली-मेळघाट पट्ट्यात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे का, हे विचारल्याशिवाय दाढ काढूच नये.

बाजारातले दात काढणारे त्याच कायद्याच्या कलम ४९ चा आधार सांगतात. त्यात सूट आहे खरी: निकड असेल आणि नोंदणीकृत दंतवैद्य मिळत नसेल, तर कोणीही दात काढू शकतो. पण भूल न देता. सिरिंज हातात घेतली की सूट संपली. शिवाय दर आठवड्याला त्याच जागी मांडलेल्या दुकानाला निकड म्हणता येत नाही.

तरी ‘डॉक्टर हजर नसेल तर दवाखाना बंद’ असा सरसकट नियम मला नको आहे. त्याने मेकॅनिक बाजारात जाईल, आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्याचं तोंड कोणी बघणार नाही. हजेरी कामानुसार ठरवावी. भूल, दाढ काढणं, रूट कॅनॉल, कॅपसाठी दात घासणं: दंतवैद्य त्याच इमारतीत हवाच. दातांवरचं किटण काढणं: डॉक्टरांनी आधी तपासून लिहून दिलं असेल, तर प्रशिक्षित, नोंदणीकृत हायजिनिस्टला (दात साफ करणाऱ्या सहायकाला) डॉक्टर नसतानाही ते करू द्यावं. खर्रावाल्यांची तोंडाच्या कॅन्सरसाठीची पहिली तपासणी तर आशाताईही करू शकतात. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील, पांढरा-लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर चिठ्ठी देऊन नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा वर्ध्याजवळचं सावंगी मेघेचं दंत महाविद्यालय गाठायचं.

यातला कळीचा मुद्दा डॉक्टर गेल्यानंतरचा आहे. संध्याकाळी दाढ काढून डॉक्टर शेवटच्या एसटीने निघाले आणि रात्री रक्त थांबेना, तर रुग्ण मेडिकलवाल्यालाच उठवतो. घडी केलेला स्वच्छ गॉज जागेवर ठेवून अर्धा तास सतत दाबून धरायचा, मध्ये उघडून पाहायचं नाही, हे तरी लिहून दिलेलं हवं. तेवढ्याने न थांबलं तर ग्रामीण रुग्णालय. जबड्याखाली सूज येऊन गिळता येईना, जीभ वर उचलली गेली, तर सकाळची वाट पाहायची नाही. श्वासनलिका बंद होऊ शकते. म्हणून भेटीवर येणाऱ्या डॉक्टरांनी त्या रात्री कोण बघणार, त्याचं नाव आणि नंबर चिठ्ठीवर लिहिणं सक्तीचं करावं. रूट कॅनॉलचंही तसंच: तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांपुरतं असतं. पुढची तारीख न देता दात उघडूच नये.

उकळत्या पाण्यात टाकलेली पकड निर्जंतुक होत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात) १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाखाली किमान १५ मिनिटं हवीत, पाकिटात गुंडाळली असेल तर ३०. बाजाराच्या दिवशी रांग लागली की पहिली काटछाट इथेच होते. त्यासाठी पकडींचे संच जास्त ठेवावे लागतात आणि तो खर्च मालकाच्या खिशातून जातो. मालकीचा प्रश्न खरा भिडतो तो इथे आणि टक्केवारीत. कॅपमागे टक्के मिळणाऱ्या डॉक्टरला साध्या फिलिंगने वाचणारा दातही कॅपचाच दिसू लागतो. मालक कोणीही असो, डॉक्टरांचा मोबदला कामांच्या संख्येशी बांधू नये.

२०२३ मध्ये संसदेने जुन्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोग कायदा मंजूर केला. हजेरीचे नियम नव्याने मागायला हे निमित्त चांगलं आहे. तोवर बोर्डावर हजेरीचे वार आणि वेळ आहे का, पावतीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे का, ते बघा. हा क्रमांक चिठ्ठीवर आणि पावतीवर देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तो नसेल तर पावतीची प्रत जोडून महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे लेखी तक्रार करता येते. तक्रारीत तारीख, वेळ आणि हत्यार कोणाच्या हातात होतं, एवढं नक्की लिहा.