पत्ता कुठला लिहिलाय?

माझी मावशी गोवंडीत आरोग्य सेविका आहे. परवा तिच्याकडे जेवायला गेलो तर रजिस्टर उघडंच पडलं होतं, गल्ली, खोली नंबर, पोरांची नावं, लस कधी दिली, आणि काही नावांपुढे नुसतंच "गावी गेले". मी विचारलं हे परत आले की तुला कळतं का, तर म्हणाली शेजारीण बोलली तर कळतं.

२०२२ च्या शेवटी गोवर पसरला तेव्हा सगळ्यात जास्त झळ बसली ती ह्याच एम पूर्व वॉर्डला, म्हणजे गोवंडी-मानखुर्दच्या भागाला. लस ९ महिन्यांना एक आणि १६ ते २४ महिन्यांत दुसरी, पण करोनाच्या काळात कितीतरी पोरांची ती राहूनच गेली. अख्ख्या मुंबईची टक्केवारी काढली की अशी गल्ली त्यात दिसतच नाही, आणि मला हेच बोचतं.

जुलै २०२० चा सिरो सर्व्हे आठवतोय, रक्त तपासून कितीजणांना करोना होऊन गेलाय ते बघणारा? मुंबईतले तीनच वॉर्ड होते, आर उत्तर, एम पश्चिम आणि एफ उत्तर, पण झोपडपट्टी आणि इमारती वेगवेगळ्या मोजल्या म्हणून तर कळलं की वस्तीत ५७ टक्के लोकांमध्ये अँटीबॉडीज आहेत आणि इमारतींत १६ टक्के. वॉर्ड तोच, मधे फक्त रस्ता. सगळं एकत्र केलं असतं तर मधलाच कुठलातरी आकडा आला असता आणि सामायिक संडासांकडे कोणाचं लक्षही गेलं नसतं.

टीबीचंही तसंच. गोवंडी-मानखुर्दमधल्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड ह्या दाटीच्या बिल्डिंगींच्या वसाहतींतल्या २०१८ च्या अभ्यासात कोण कुठल्या मजल्यावर राहतं ते बघितलं, तेव्हा दिसलं की खालच्या मजल्यांवर, जिथे ऊन-वारा पोचत नाही, तिथे टीबी जास्त आहे. मग नुसत्या गोळ्या देऊन कसं भागणार, दोन बिल्डिंगींमधलं अंतरच वाढवायला हवं ना.

आणि मृत्यूची नोंद. १९६९ च्या कायद्याप्रमाणे माणूस जिथे मरतो तिथे नोंद होते, म्हणजे गोवंडीचा पेशंट सायन हॉस्पिटलात वारला तर नोंद सायनच्या एफ उत्तर वॉर्डला. फॉर्मवर राहता पत्ता असतो हो, पण तो नीट लिहिला तर. आमचे काका तीस वर्षं मानखुर्दला राहिले, गेले तेव्हा हॉस्पिटलातल्या क्लार्कने आधारवरचा साताऱ्याचा पत्ता उतरवून घेतला, आम्हीही त्या गडबडीत बघितलं नाही. फुफ्फुसं मानखुर्दच्या हवेत गेली आणि हिशोबात माणूस साताऱ्याचा. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

मावशी म्हणते आम्ही सगळं भरून देतो, ते वर जातं, पण पुढे काय झालं ते परत कोणी सांगत नाही. तिच्या भागाचा गल्लीवार एक कागद, कुठे किती पोरांची लस राहिलीय एवढाच, दर महिन्याला तिच्या हातात आला तरी सोमवारी आधी कुठल्या गल्लीत शिरायचं ते तिला शेजारणीला विचारावं लागणार नाही.