एकच घेतली होती म्हणे

रात्री सव्वाबाराला मावसभावाचा फोन. "दादा, झोपलायस का? जरा ये ना इकडे, लायसन घेऊन ये, आणि आईला काही बोलू नकोस." शेवटचं वाक्य ऐकलं आणि मला सगळं कळलं. मित्राच्या हळदीला गेला होता, परत येताना नाकाबंदीत सापडला. मी रिक्षा करून गेलो तर आमचे साहेब फुटपाथवर बसलेले, हातात दारू तपासायच्या मशीनमधून निघालेली पावती, त्यावर आकडा ५४. मला बघितल्या बघितल्या पहिलं काय बोलला तर "एकच घेतली होती रे दादा, शप्पथ."

आणि गंमत म्हणजे तो खोटं बोलत नव्हता! एकच घेतली होती, पण ती एक म्हणजे स्ट्राँग बिअरची मोठी बाटली. आता हिशोब करा. ६५० मिलीची बाटली, ८ टक्के, म्हणजे आत ५२ मिली निव्वळ अल्कोहोल, वजनात ४१ ग्रॅम. सत्तर किलोच्या माणसात हे भिनलं की १०० मिली रक्तात ढोबळमानाने ८५ मिलिग्रॅमच्या आसपास जातं. कायद्यातली मर्यादा किती तर ३०. आणि ते उतरतं तासाला साधारण १५ च्या हिशोबाने, तुम्ही लिंबू चाटा नाहीतर कॉफी ढोसा. दहाला प्यायला, बाराला फुंकला, ५४ येणारच ना. व्हिस्कीवाल्यांनी खूश व्हायचं कारण नाही, ६० चा एक लार्ज पेग सुद्धा त्याच माणसाला ४० च्या वर नेतो. बडीशेप, वेलची, मसाला पान हे सगळे उपाय तोंडाच्या वासाचे आहेत, मशीन मोजतं फुप्फुसातून आलेली हवा. याने पण मिंटची अख्खी पुडी संपवली होती.

असो. हवालदार चांगले होते, आरडाओरडा नाही काही नाही, फुंकायला नवीन नळी पण त्याच्यासमोर फोडली म्हणे. बाईक त्याला देणार नाहीत, न पिलेला आणि लायसनवाला माणूस पाहिजे, म्हणून मी. त्याचं लायसन जमा. मी बाईक चालवत आणि तो मागे बसून, पूर्ण रस्ता एकच टकळी, "जागेवरच दंड भरला असता ना, संपलं असतं."

इथेच लोकांची गल्लत होते. सिग्नल तोडला, हेल्मेट नाही, तर ई-चलान भरून मोकळे होता येतं, पण मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणं, तडजोडीत बसतच नाही, कोर्टात उभं राहावं लागतं. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार दंड किंवा दोन्ही, परत सापडलात तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार किंवा दोन्ही. दंड पूर्वी २ हजार होता, २०१९ च्या दुरुस्तीने वाढला. पोलीस वॉरंटशिवाय अटक पण करू शकतात, फक्त मग दोन तासात मेडिकल झाली पाहिजे, नाही झाली तर सोडावं लागतं. आणि गाडी चालवायचा नुसता प्रयत्न केला तरी तेच कलम, म्हणजे पार्किंगमध्ये किक मारताना धरलं तरी चालतंय.

काकांचं म्हणणं, "तिथेच काहीतरी देऊन मिटवायचं ना, एवढं काय." काकांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

कोर्टाच्या व्हरांड्यात सकाळी दहापासून जी रांग होती ती बघण्यासारखी. आयटीवाले इस्त्रीच्या शर्टात, मान खाली, कोणी ओळखीचं दिसू नये म्हणून मोबाईलमध्ये डोकं. शेजारी एक रिक्षावाले काका, त्यांना दंडाचं टेन्शन नव्हतंच, "लायसन किती दिवस जाईल हो?" हेच प्रत्येकाला विचारत होते. आमच्यासाठी लायसन जाणं म्हणजे तीन महिने ओला-उबर, त्यांच्यासाठी चूल. भावाने गुन्हा कबूल केला, १० हजार भरले, पाच मिनिटात बाहेर. पण कबूल केला म्हणजे दोषी ठरला, आणि आता परदेशाच्या व्हिसाच्या फॉर्मवर कधी शिक्षा झाली आहे का या रकान्यात काय लिहायचं म्हणून डोकं धरून बसलाय.

तरी मी त्याला सांगितलं की तू नशीबवान, नुसता फुंकलास. २००६ ला वांद्र्याच्या कार्टर रोडवर दारू पिऊन गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गेली, ७ जण गेले, आणि सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये कायम केली ती शिक्षा ३ वर्षं. आणि १९ मे २०२४ चा कल्याणीनगरचा अपघात तर पुण्यात कोणी विसरलं नाहीये, दोन तरुण इंजिनिअर गेले, गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन पोराला आधी जामिनासाठी ३०० शब्दांचा निबंध, आणि नंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक. तेव्हा भाऊच सगळ्यात जास्त चिडला होता, स्टेटस वगैरे ठेवलं होतं.

गेल्या रविवारी घरी बसलो होतो, काकांनी ग्लास पुढे केला, "घे रे, एकाने काय होतंय." भावाने काही न बोलता पाकीट काढलं, ती मशीनची पावती घडी घालून ठेवलीये त्यात, उघडून टेबलावर ठेवली. काका चष्मा शोधत बसले.