राज्य पुरस्काराच्या मुलाखतीत नेमके काय तपासावे?

प्रवेश, प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान या पायऱ्या पार करून आलेला स्काऊट किंवा गाईड राज्य पुरस्काराच्या चाचणी शिबिरात परीक्षकांसमोर उभा राहतो, तेव्हा पुढे मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर राज्यपालांची सही असणार, ही गोष्ट त्याच्या मनात असते. पालकांचे लक्ष बहुधा दहावीच्या वाढीव गुणांकडे असते आणि त्यात गैर काही नाही. परीक्षकाने मात्र या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवून, समोरच्या मुलाने हे काम खरोखर केले आहे का, एवढेच पाहायला हवे.

गाठी, प्रथमोपचार, होकायंत्र, उंची-अंतराचा अंदाज, तंबू उभारणी यांची चाचणी सोपी असते, कारण दोर हातात दिला की खरेखोटे लगेच कळते. अवघड असते ती लॉगबुकावरची, म्हणजे मुलाने केलेल्या कामांच्या नोंदवहीवरची, मुलाखत. एका शाळेची लॉगबुके एकापाठोपाठ उघडली, तर कितीतरी पानांवर ‘या शिबिरात मला खूप आनंद मिळाला’ हेच वाक्य त्याच वळणाने लिहिलेले सापडते. अशा वेळी स्काऊट नियमाची कलमे म्हणवून घेण्यात काहीच हशील नसते, कारण पाठांतरात आपली मुले कोणाला हार जात नाहीत.

रावेरकडच्या एका मुलाने क्लोव्ह हिच या खांबाला दोर बांधायच्या गाठीचे उपयोग घडाघडा सांगितले आणि तो थांबला. घरी कधी बांधलीस का, असे विचारल्यावर तो केळीबद्दल बोलू लागला. घडाच्या भाराने खोड कलले की बांबूचा टेकू द्यावा लागतो. ओल्या बांबूवरून दोर घसरतो म्हणून आधी तिथे ही गाठ आवळायची, खोडाभोवती मात्र दोर सैल ठेवायचा, नाही तर खोड कापले जाते. सैल दोराची ही बाब त्याच्या लॉगबुकात कुठेच नव्हती.

आमच्या भागात आणखी एक अडचण असते. घरी अहिराणी किंवा पावरा आदिवासींची पावरी बोली बोलणारे मूल प्रमाण मराठीतल्या पहिल्याच प्रश्नाला गप्प होते आणि घाईतला परीक्षक त्याला ‘आत्मविश्वास कमी’ असा शेरा देऊन मोकळा होतो. ‘तुनं गाव कोनतं शे रे भाऊ?’ एवढे विचारले, तरी बरीच मुले बोलती होतात. पावरी येणारा एखादा शिक्षक परीक्षक मंडळात असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेत ईगल स्काऊट या तिथल्या सर्वोच्च श्रेणीसाठीच्या पुनरावलोकन मंडळात किमान ३ व जास्तीत जास्त ६ सदस्य असतात, सगळे किमान २१ वर्षांचे. मुलाचा स्वतःचा स्काऊट मास्तर व आईवडील त्यात बसत नाहीत, झालेल्या कौशल्यांची पुन्हा परीक्षा घेतली जात नाही आणि निर्णय एकमताने व्हावा लागतो. त्यांची सगळी पद्धत इथे उचलून आणावी असे नाही. आपल्या शिबिरात प्रात्यक्षिक हवेच. पण तिथे मुलाला नाकारले, तर कारण आणि पुढे काय करायचे ते लेखी कळवतात, शिवाय अपिलाची सोयही असते.

हे आपल्याकडे सहज जमण्यासारखे आहे. उत्तीर्णांच्या यादीत नाव नाही एवढेच कळलेला मुलगा सहसा स्काऊटिंगच सोडतो. तो कोणत्या विषयात कमी पडला आणि तयारी काय करायची, याच्या दोन ओळी परीक्षकाने त्याच्या लॉगबुकातच लिहून सही करावी, म्हणजे पुढच्या शिबिरात वेगळे परीक्षक आले तरी त्यांना नेमके तेवढेच तपासता येईल.