अढी

आमच्या दादरच्या घरात मे महिन्यात कॉटखाली आंबे असतात आणि कॉटवर बास्केटबॉल. खालचं खातं सासूबाईंचं, वरचं मामा-भाच्याचं. दोन्ही खात्यांत मला विचारत कोणी नाही, पण कॉटखालचा केर मलाच काढायचा असल्यामुळे दोन्हीकडचं सगळं कानावर पडतं.

२०२५च्या मे महिन्यातला पहिला शनिवार. सकाळी मोबाइलकडे बघत नवरा म्हणाला, "पॉप गेला."

सासूबाईंचा भाजी निवडणारा हात थांबला. "अरे देवा! कधी? किती वर्षांचे होते?"

"तसा गेला नाही गं आई. शहात्तर वर्षांचा आहे, धडधाकट नसला तरी आहे. कोचपद सोडलं त्याने."

"मग नीट सांग की. मी म्हटलं आता डोक्यावरून पाणी घ्यावं लागतंय."

भाचा बेसिनपाशी दात घासत होता. तोंडातला फेस सांभाळत तो म्हणाला, "बरं झालं. पाच वर्षं उशीरच केला."

झालं. शनिवार-रविवार दोन्ही त्यात गेले.

ज्यांच्या घरात हा आजार नाही त्यांच्यासाठी सांगते. पॉप, म्हणजे ग्रेग पोपोविच, हा अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या सॅन अँटोनियो स्पर्सचा कोच. डिसेंबर १९९६ पासून एकाच टीमला चिकटून बसलेला. १९९९, २००३, २००५, २००७ आणि २०१४ अशी पाच विजेतेपदं. मार्च २०२२ मध्ये डॉन नेल्सनचा १,३३५ विजयांचा विक्रम त्याने मागे टाकला. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टेडियममध्येच त्याला पक्षाघाताचा सौम्य झटका आला आणि सहा महिन्यांनी त्याने जागा मिच जॉन्सन या आपल्या असिस्टंटला दिली. मॅच चालू असताना मुलाखत घ्यायला आलेल्यांना दोन शब्दांत वाटेला लावण्यात पटाईत. मुंबईत असता तर लोकांनी त्याला खडूस म्हटलं असतं. आणि आपल्याकडच्या क्रिकेटवाल्यांत ती शिवी नाही, पदवी आहे.

मी स्वतः एकही मॅच मन लावून पाहिलेली नाही. पण तिकडची रात्रीची मॅच म्हणजे आपली सकाळ, साडेसहा-सातची वेळ. लग्न झाल्यापासून माझ्या कुकरच्या शिट्ट्या आणि रेफ्रीच्या शिट्ट्या एकमेकींत मिसळत आल्यात. डब्यात पोळी भरता भरता माणूस किती शिकतो!

नवरा तरुणपणी नागपाड्याला खेळलेला. मुंबईच्या बास्केटबॉलची ती पंढरी, आणि हा तिथला वारकरी. गुडघा दुखावला म्हणून वारी बंद झाली, पण भक्ती गेली नाही. भाचा नाशिकहून इथे शिकायला आलाय, आमच्याकडेच राहतो. त्याला या खेळाचं वेड लागलं ते २०१९च्या ऑक्टोबरात. तेव्हा वरळीच्या डोममध्ये एनबीएच्या दोन टीम येऊन खेळल्या होत्या, सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स. हा शाळेत होता, सुट्टीत आमच्याकडे आला होता, आणि टीव्हीसमोरून उठायला तयार नव्हता. पहिली मॅच ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ अशी पेसर्सने जिंकली. तो आकडा तो अजून अथर्वशीर्षासारखा म्हणतो.

नवऱ्याने शनिवारी त्याला हेच विचारलं. "त्या मॅचमध्ये पेसर्सचा कोच कोण होता?"

भाचा गप्प.

"नेट मॅकमिलन. बघ, तुला स्कोअर आठवतो, कोच नाही. कोचचं नशीबच ते."

"म्हणजे कोचने काही फरक पडत नाही, असं तूच म्हणतोयस ना मामा?"

वकील होणार हा मुलगा, असं सासूबाई उगाच म्हणत नाहीत.

त्याचं म्हणणं असं. पोपोविच आधी त्याच टीमचा जनरल मॅनेजर होता. टीम ३-१५ अशी गाळात गेल्यावर त्याने कोचला काढलं आणि स्वतःच त्या खुर्चीत बसला. त्या सीझनला स्पर्स ६२ मॅचेस हरले. का हरले, तर डेव्हिड रॉबिन्सन हा त्यांचा हुकमी खेळाडू दुखापतीमुळे बाहेर होता. मग एवढं हरल्याचं बक्षीस म्हणून १९९७च्या ड्राफ्ट लॉटरीत, म्हणजे नवे खेळाडू आधी कोणी निवडायचे त्या सोडतीत, पहिला नंबर लागला आणि टिम डंकन मिळाला. डंकन एकोणीस वर्षं खेळला, पाचही विजेतेपदं त्याच्या काळातली. "मामा, लॉटरी लागलेल्या माणसाला कोणी अर्थतज्ज्ञ म्हणतं का?"

नवऱ्याकडे उत्तरं तयार होती, कारण हा वाद तो भाचा जन्मायच्या आधीपासून ऑफिसात, लोकलमध्ये आणि साडूंशी घालत आलाय. डंकन २०१६ मध्ये रिटायर झाला आणि पुढच्याच सीझनला स्पर्स ६१ मॅचेस जिंकले, त्याचं काय? भाचा म्हणाला, तेव्हा कवाय लेनर्ड होता. त्याआधी? डंकन होता. डंकनच्या आधी? रॉबिन्सन होता. दर वेळी कोणीतरी होतंच. यांचं ऐकत बसलं तर जगात कुठल्याच कोचने कधी काही केलेलं नाही; तो बिचारा चांगला सूट घालून शेजारी उभा असतो एवढंच.

मला गंमत वाटते ती याची, की हाच प्रश्न शिवाजी पार्कात विचारायची कोणाची छाती नाही. तिथे पाच नंबर गेटपाशी आचरेकर सरांचं स्मारक आहे. सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे आणि सचिन आउट झाला नाही तर ते त्याचं, ही गोष्ट आमच्या गल्लीतलं शेंबडं पोर सांगेल. सरांनी सचिन घडवला की सचिनमुळे सर मोठे झाले, असं तिथे उभं राहून विचारून बघा. घरी परत येताना चप्पल पायात असेलच असं नाही.

दुपारी आंब्यांची वेळ झाली. सासूबाई रोज चहानंतर कॉटखाली बघतात. देवगडची पेटी आली की आंबे गवतात मांडून त्या अढी घालतात, आणि मग दोन आठवडे ती खोली त्यांच्या परवानगीशिवाय कोणी झाडायचीसुद्धा नाही. आंबा दाबायचा नाही, ही पहिली अट. दाबला की तिथे डाग पडतो. देठापाशी नाक न्यायचं. एकेक आंबा उचलून वास घेतात, फिरवतात, आणि जागा बदलून परत ठेवतात. डागी दिसला की लगेच बाहेर, नाहीतर शेजारच्या चारांना घेऊन जातो. उजवीकडे आजचे, भिंतीकडे उद्याचे, आणि आत, कॉटच्या मागच्या पायाशी, कोणासाठी ठेवलेले ते त्यांनाच ठाऊक. कितीही पाहुणे येवोत, भिंतीकडचा आंबा आज निघत नाही.

मी त्यांना कंदील धरल्यासारखा मोबाइलचा टॉर्च धरून बसले होते, आणि वर दंडाची गोष्ट चालली होती. नोव्हेंबर २०१२. मायामीला मोठी मॅच, देशभर टीव्हीवर दाखवणार, आणि पोपोविचने डंकन, पार्कर, जिनोबिली आणि ग्रीन या चौघांना विमानाने घरी पाठवून दिलं. का, तर दमलेत. लीगने स्पर्सना अडीच लाख डॉलरचा दंड ठोकला. त्याच वर्षी मार्चमध्ये डंकनला बसवलं तेव्हा स्कोअरशीटवर न खेळण्याचं कारण लिहिलं होतं: म्हातारा.

कॉटखालून आवाज आला, "दंड कसला? आज तयार नाही म्हणून मागे ठेवला, त्याला दंड?"

"लोकांनी तिकीट काढलं होतं ना आजी!"

"पाहुणे येणार म्हणून कच्चा कापू?"

नवरा इतका खूश झाला की त्याने स्वतः उठून माझ्या हातातला टॉर्च घेतला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

पण खरं सांगायचं तर नवऱ्याच्या मनातही एक अढी आहे, आणि ती गवतातली नाही. २०१३ची मायामीशी फायनल, सहावी मॅच. आपल्याकडे बुधवार होता, बाहेर जूनचा पाऊस. स्पर्स ३-२ ने पुढे. हा ऑफिसचा शर्ट घालून, एकाच पायात मोजा चढवून टीव्हीसमोर उभा. शेवटची २८ सेकंदं, पाच पॉइंटची आघाडी, कोर्टाभोवती पिवळी दोरी धरायला माणसं आलेली, म्हणजे बक्षीस समारंभाची तयारी. आणि पोपोविचने डंकनला बाहेर बसवलं. त्या रात्री ३० पॉइंट केलेल्या, १७ रिबाउंड घेतलेल्या डंकनला! समोरच्यांचा उंच माणूसही लांबून बास्केट मारणारा होता, त्याच्यामागे धावायला चपळ माणूस हवा, असा हिशेब. आधी मायामीच्या लेब्रॉनने एक तीन पॉइंटचा मारला, त्यावर स्पर्सना एकच पॉइंट मिळाला, आघाडी तीनवर आली. मग लेब्रॉनचा नेम चुकला, बॉल उडाला, रिबाउंड घ्यायला डंकन नाही. बॉशने बॉल घेतला, कोपऱ्यात रे ॲलनला दिला, त्याने तीन पॉइंटचा मारला. पाच सेकंदं उरलेली. बरोबरी. ओव्हरटाइममध्ये हरले, सातवी मॅचही हरले.

हा दुसरा मोजा हातात घेऊन तसाच बसून राहिला. लोकल गेली, त्यानंतरचीही गेली. मी म्हटलं, दुसऱ्याच्या देशातल्या दुसऱ्याच्या टीमने दुसऱ्याच्या गावात मॅच हरली, तुझा हाफ डे का जावा? त्यावर तो जे बोलला ते मराठीत होतं, पण इथे लिहिण्यासारखं नव्हतं.

तेव्हापासून भक्त असूनही त्याने पॉपला पूर्ण माफ केलेलं नाही. भाच्याला हे माहीत आहे. वाद हातातून निसटायला लागला की तो फक्त "सहावी मॅच" एवढं म्हणतो.

मला मात्र त्या रात्रीची दुसरीच गोष्ट लक्षात राहिली. जिंकणारच म्हणून मायामीतल्या एका इटालियन रेस्टॉरंटमध्ये आधीच जेवण ठरवलं होतं. हरल्यावर कोणाला जेवण जाणार? पण पोपोविच सगळ्यांच्या आधी तिथे पोहोचला, टेबलं जवळ लावून घेतली, आणि एकेक खेळाडू येईल तसा त्याला भेटत राहिला. मंगळसूत्र गहाण पडलेल्या घरात लग्नाची पंगत उठवायची तसलं ते काम. पुढच्या वर्षी त्याच मायामीला स्पर्सनी ४-१ ने हरवलं, बहुतेक तीच माणसं घेऊन. माझ्या मते कोचबद्दल जे काय बोलायचं ते त्या जेवणावर बोलावं. पण माझं मत विचारतं कोण.

रविवारी आमरसाचा बेत. भाचा ताटावर बसता बसता म्हणाला, "आता हेच बघ ना. हापूस असला की रस चांगलाच होणार. करणाऱ्याचं त्यात काय?"

स्वयंपाकघरात एकदम शांतता.

सासूबाईंनी पातेल्यातला डाव काढला, पातेल्याच्या कडेला झटकला. "बिघडवून दाखवू?"

आणि मग त्याची शिकवणी सुरू झाली. हापूस वरून कितीही देखणा असला तरी आत साका निघतो, तो कापेपर्यंत कळत नाही. (मामाने मध्येच पिंक टाकली: २००७च्या ड्राफ्टचा पहिला नंबर ग्रेग ओडन, गुडघ्यांनी गेला.) शिवाय नुसत्या हापूसचा रस घट्ट होतो, एकसुरी लागतो, रसाला पायरी हवी. पायरी दिसायला वेडीवाकडी, बाजारात हापूसपुढे तिला कोणी विचारत नाही, पण रस धावतो तो तिच्यामुळे. मिक्सर लावायचा नाही, फेस येतो. हाताने माचोळायचे, गाळायचा, चिमूटभर मीठ.

"जिनोबिली!" नवरा ओरडला. "सत्तावन्नावा निवडला होता त्याला! अठ्ठावन्नांत सत्तावन्नावा! आणि पार्कर अठ्ठाविसावा!"

"कोण रे ही पोरं?" सासूबाई म्हणाल्या. "जेवायला आहेत का?"

भाचा हसला, पण हरला नाही. वाटी पुढे करत तो जे बोलला ते मला पटलं. म्हणाला, "मामा, मी बघायला लागलो तेव्हापासून हे एकदाही प्लेऑफला गेले नाहीत. लागोपाठ दोन वर्षं ६०-६० मॅचेस हरले. मी पाहिलेला पॉप हरणाराच आहे. तू सांगतोस तो मी कुठून बघू?"

हे खरंच होतं. स्पर्स सलग बावीस वर्षं प्लेऑफ, म्हणजे सीझनच्या शेवटची बाद फेरी, खेळले आणि ती साखळी तुटली ती नेमकी याला खेळाचं वेड लागलं त्या सीझनला. नवऱ्याकडे यावर उत्तर नव्हतं. त्याने भाच्याच्या वाटीत वरून तूप सोडलं आणि मिरपुडीची डबी सरकवली.

सोमवारी सासूबाईंची कंबर धरली. वाकता येईना. खुर्चीत बसूनच त्यांनी हुकूम सोडला, अढी आज भाच्याने बघायची. तो पोटावर झोपून कॉटखाली शिरला, तोंडात मोबाइलचा टॉर्च.

"दाबू नकोस रे!" मामा सोफ्यावरून. "वास घे. देठाशी."

"घेतोय. मामी, हा झालाय बहुतेक. काढू?"

मी वाकून बघणार तेवढ्यात सासूबाई पेपरातून डोकं वर न काढता म्हणाल्या, "मागच्या पायाशी आहे ना? तो बुधवारचा."