विहिरीचं पाणी आणि पॉलिसीतला एक शब्द

बादली वर आली तेव्हा पाण्यावर तेलकट तवंग होता. वास सरळ थिनरचा. "आठ दिवस झाले, म्हशी तोंड लावत नाहीत," आजोबा म्हणाले. पुणे जिल्ह्यातल्या एका एमआयडीसीच्या कुंपणालगतची ही विहीर. शेजारच्या कारखान्याने दायित्व विम्याचा, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणाऱ्या विम्याचा, क्लेम केला होता आणि विमा कंपनीने नुकसान तपासायला सर्व्हेअर म्हणून मला पाठवलं होतं.

कारखान्याचे मालक निर्धास्त होते. "साहेब, दोन-दोन पॉलिसी आहेत आमच्याकडे."

त्यातली एक 1991 च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखालची. 1984 च्या भोपाळ वायुकांडानंतर हा कायदा आला. पण ती तातडीच्या मदतीपुरती. खासगी मालमत्तेच्या नुकसानीला तिच्यात तेव्हा जास्तीत जास्त 6,000 रुपये. तेवढ्यात विहीर उपसूनही होत नाही. दुसऱ्या, मोठ्या पॉलिसीत प्रदूषण मुळातच वगळलेलं. जादा हप्ता भरून ते पॉलिसीत सामील करून घेतलं होतं खरं, पण फक्त 'अचानक आणि अपघाताने' झालेल्या गळतीपुरतं, आणि गळती 72 तासांत लक्षात यायला हवी.

जमिनीखालची टोल्युइनची, म्हणजे थिनरमधल्या द्रावकाची, टाकी उकरून ठेवली होती. तळाच्या सांध्याला गंजून पडलेली बारीक चीर. ती कधीची, हे नुसतं बघून सांगता येईना, म्हणून मी स्टॉक रजिस्टर मागितलं. दर महिन्याला थोडी तूट आणि पुढे शेरा, 'बाष्पीभवन'. सलग चौदा महिने. बंद टाकीतून एवढं उडून जात नाही. एकेक पान उलटताना कळत होतं, हा क्लेम माझ्याच हातून संपतोय.

"पहिल्याच महिन्यात पकडलं असतं तर?" मालकांनी विचारलं. तरीही 72 तास उलटलेच असते.

जमिनीत मुरणारं प्रदूषण बहुतेक असंच असतं, थेंबाथेंबाने. आणि नेमकं तेच पॉलिसीबाहेर. पर्यावरणाचे खटले चालवणारं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण मात्र 2010 च्या कायद्याने प्रदूषण करणाऱ्यालाच भरपाई द्यायला लावतं. गळती हळूहळू झाली म्हणून सुटका नाही. या जोखमीसाठी पर्यावरणीय हानीची वेगळी पॉलिसी मिळते. मालकांना ती कुणी सुचवलीच नव्हती, याचा मला आजही राग येतो.

निघताना आजोबांनी विचारलं, "विम्याचं काय झालं?" मी खरं तेच सांगितलं. ते काही बोलले नाहीत, बादली पालथी घातली.

क्लेम नामंजूर झाला. मालकांनी गोठ्यापाशी टँकर सुरू केला आणि माती उचलायला कर्ज काढलं.