न्यू एकोटाचा छापखाना आणि माझी अडलेली कथा

दोन वर्षांपासून मी एक दीर्घकथा लिहितेय. साल 1838, जागा अमेरिकेतलं जॉर्जिया राज्य, नायिका दहा वर्षांची चेरोकी, म्हणजे तिथल्या मूळनिवासी जमातीतली, मुलगी. सैनिक दाराशी येतात, इथवर लिहून झालंय आणि तिथेच घोडं अडलंय. आम्ही अटलांटाला राहतो. कथेतली गावं गाडीने दीड-दोन तासांवर, तरी मी ती पाहिली नव्हती. शेवटी नोव्हेंबरातल्या एका शनिवारी लेकीला घेऊन निघाले.

कॅलहूनजवळचं न्यू एकोटा ही 1825 पासून चेरोकी राष्ट्राची राजधानी होती. आज तिथे मोठं गवताळ मैदान आहे आणि त्यात दूरदूर विखुरलेल्या लाकडी इमारती: सभागृह, न्यायालय, छापखाना. या सगळ्या नंतर पुन्हा उभारलेल्या. राजधानीच्या वेळचं मूळ घर एकच उरलंय, सॅम्युएल वुस्टर या मिशनऱ्याचं.

छापखान्यातून माझा पाय निघेना. 21 फेब्रुवारी 1828 ला इथे ‘चेरोकी फीनिक्स’ या वर्तमानपत्राचा पहिला अंक निघाला, चेरोकी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. शाळेत दर 6 जानेवारीला आम्ही बाळशास्त्रींच्या ‘दर्पण’वर भाषणं करायचो. तोही मराठी-इंग्रजी होता आणि निघाला 1832 मध्ये. म्हणजे हे लोक आपल्या चार वर्षं आधी स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या लिपीत वर्तमानपत्र छापत होते!

ही लिपी सिक्वोया नावाच्या माणसाने घडवली. त्याला स्वतःला दुसरी कुठलीच भाषा लिहिता-वाचता येत नव्हती. लेकीला मी बाराखडीवरून समजावलं: क, कि, कु यांना काना-मात्रा न लावता प्रत्येकासाठी वेगळंच चिन्ह असतं तर? अशी 85 चिन्हं. सिक्वोयाने ती आधी आपल्या लहान मुलीला शिकवली आणि लोकांना पटवायला तिलाच पुढे केलं. थोड्याच वर्षांत हजारो लोक लिहू-वाचू लागले. इथल्या उत्खननात छपाईचे शिशाचे जुने खिळे सापडलेत. नखाएवढी ती अक्षरं पाहून माझी लेक गप्प झाली, आणि मीही.

एवढं सगळं असून त्यांना आपली भूमी सोडून पश्चिमेला जावं लागलं. 1827 चं लिखित संविधान होतं. 1832 मध्ये वुस्टरच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, जॉर्जियाचे कायदे चेरोकी भूमीवर चालणार नाहीत, असा निकालही दिला. पण तो कुणी अमलात आणला नाही. उलट जॉर्जियाने त्यांची जमीन लॉटरी काढून गोऱ्यांना वाटली. राष्ट्राचे प्रमुख जॉन रॉस 1835 मध्ये वॉशिंग्टनहून परतले, तर त्यांच्या राहत्या घरात लॉटरी लागलेला माणूस राहत होता.

त्याच वर्षी 29 डिसेंबरला मूठभर चेरोकींनी देशत्यागाच्या करारावर सह्या केल्या, त्याही इथेच, एलियास बूडिनोच्या घरात. बूडिनो म्हणजे ‘फीनिक्स’चा पहिला संपादक. कराराविरुद्धच्या अर्जावर 15,000 हून अधिक नावं होती. तरीही सेनेटने दोन तृतीयांशाच्या वर जेमतेम एका मताने करार मंजूर केला. कथेत मी बूडिनोला सरळ फितूर केलं होतं. त्या छापखान्यात उभं राहिल्यावर मला ते जमेना. न्यायालयात जिंकूनही हरलेला माणूस आहे तो. 1839 मध्ये त्याच्याच लोकांनी त्याला मारलं. दोन्ही बाजूंचं दुःख मला आता लिहायचंय.

दुपारी टेनेसीत शिरलो. रेड क्ले इथे निळ्याशार पाण्याचा खोल झरा आहे. जॉर्जियाने सभा घ्यायला बंदी केल्यावर राष्ट्राच्या सभा या झऱ्याकाठी भरत. आम्ही फार थांबलो नाही. उजेड असेपर्यंत ब्लाइद फेरी गाठायची होती.

इथून लोकांनी टेनेसी नदी ओलांडली. मे 1838 मध्ये सैनिकांनी घराघरांतून त्यांना बाहेर काढलं, कुणाला शेतातून, कुणाला भरल्या ताटावरून. उन्हाळाभर छावण्यांत गोवर, डांग्या खोकला, हगवण. त्या वर्षी अवर्षण पडलं म्हणून निघणं लांबलं आणि पुढची वाट ऐन थंडीत तुडवावी लागली. सुमारे 16,000 माणसांपैकी 4,000 च्या आसपास दगावली, असा अंदाज सांगतात.

काठावरच्या स्मारकाच्या भिंतीवर 1835 च्या जनगणनेतल्या कुटुंबप्रमुखांची नावं कोरली आहेत. लेकीने बोट फिरवत बऱ्याच ओळी वाचल्या. मग विचारलं, “आई, यात मुलांची नावं कुठली?”

मी म्हटलं, “नाहीत गं. मोठ्यांचीच आहेत.”

“मग तुझ्या गोष्टीतली मुलगी?”

समोर हायवासी नदी येऊन मिळते. हिवाळ्यात तिथे हजारोंनी क्रौंच उतरतात. त्यांचा कलकलाट चालला होता, म्हणून मला लगेच बोलावं लागलं नाही.

रात्री घरी येऊन वही काढली. माझी मुलगी गाठोडं बांधते, अंगणाचा निरोप घेते, अशी दोन पानं होती. ती फाडली. तिला तेवढा वेळ कुणी दिलाच नसता. आता सैनिक येतात तेव्हा ती आजीला ‘फीनिक्स’चा जुना अंक वाचून दाखवतेय आणि ओळ अर्ध्यावरच राहते.