कवरत्तीला निघालेले मतदार

लक्षद्वीपच्या निळ्या पाण्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते पाणी खरोखरच तसे आहे. कवरत्तीतील माझा मुक्काम पोहण्यात आणि ताज्या टूनाच्या जेवणात सुखाने सरला. मला सांगायचे आहे ते कोचीहून निघालेल्या जहाजातील रात्रीविषयी, कारण १९ एप्रिल २०२४ च्या लोकसभा मतदानासाठी घरी निघालेल्या बेटवासीयांनी ते जहाज भरून गेले होते.

बंक वर्गात हवा कोंदट होती आणि बोलणी थांबत नव्हती. ज्यांना झोप प्रिय आहे त्यांनी केबिनचेच तिकीट काढावे. मला मात्र त्या गर्दीतून हलावेसे वाटले नाही. शेजारचा तरुण कोचीत नोकरीला होता. मतदानासाठी एवढी यातायात कशाला, असे मी विचारताच तो गंभीरपणे म्हणाला, "आमच्याकडे विधानसभा नाही. प्रशासक केंद्र सरकार नेमते. जहाज वेळेवर का नाही, आजारी माणसाला कोचीला कसे न्यायचे, हे आम्ही विचारायचे कोणाला? आमच्या हाताने निवडलेला एक खासदारच ना?"

सुमारे ५८ हजार मतदारांचा, देशातील सर्वांत लहान असा हा मतदारसंघ. समोरच्या खाटेवरील वृद्ध गृहस्थांना त्याचा इतिहास मुखोद्गत होता. १९६७ पूर्वी येथील खासदार राष्ट्रपती नियुक्त करीत. त्या वर्षी लोकांनी प्रथमच मत दिले आणि पी. एम. सईद निवडून आले. ते सलग दहा वेळा जिंकले, लोकसभेचे उपाध्यक्षही झाले, आणि २००४ मध्ये अवघ्या ७१ मतांनी हरले. आपल्याकडे एका पंगतीला याहून अधिक पाने मांडली जातात! हा आकडा सांगताना त्या गृहस्थांचा आवाज चढला होता. आपले मत वाया जात नाही याचा इतका ठाम विश्वास मी आमच्या शहरात कधी अनुभवला नाही, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटले.

मी महाराष्ट्राचा आहे असे कळल्यावर प्रश्नांचा रोख माझ्याकडे वळला. मावळते खासदार मोहम्मद फैझल २०१९ मध्ये घड्याळ या चिन्हावर ८२३ मतांनी जिंकले होते. आता पक्षफुटीनंतर ते शरद पवारांच्या पक्षाकडून उभे होते आणि घड्याळ दुसऱ्याच उमेदवाराकडे गेले होते. आपल्या राज्यातील भांडण अरबी समुद्र ओलांडून या लोकांच्या मतपत्रिकेवर पोहोचले, हे त्यांना समजावून सांगताना मी संकोचलो.

मतदानाचा दिवस शुक्रवार होता. दुपारच्या नमाजाच्या वेळी ओसरलेली रांग नंतर पुन्हा वाढली.

जूनमध्ये निकाल लागला. सईदांचे पुत्र हमदुल्ला यांनी फैझल यांचा २,६४७ मतांनी पराभव केला. घड्याळाला २०१ मते मिळाली. त्या वृद्ध गृहस्थांना मी फोन केला खरा, परंतु अभिनंदन करावे की सांत्वन, हे मला ठरवता येईना, कारण रात्रभर इतरांच्या मतांचा हिशेब सांगूनही त्यांनी स्वतःचे मत कोणाला, हे उच्चारले नव्हते. आणि फोनवरही ते प्रथम नव्या खासदाराने जहाजांसाठी काय केले पाहिजे याविषयीच बोलू लागले.